पार्सलचं सुतक

एखादा माणूस गेल्याचं कळलं की त्याच्याविषयी चार चांगले शब्द बोलावेत, अशी रीत आहे. नरसिंगराव हुबळीला मुलाकडे वारले असं कळलं तेव्हा मी ते चार शब्द शोधायला बसले. पहिला सुचला ‘निर्व्यसनी’. पण ते तपकीर ओढायचे, आणि ओढून झाली की समोर असेल त्याच्यावर शिंकायचे. मग ‘मायाळू’ सुचला, आणि तो सुचल्याबद्दल मला स्वतःचाच राग आला. शेवटी उठून भाजी चिरायला घेतली. ते होते तेव्हा मला त्यांचा तिटकारा होता, ते गेल्यावर तो जराही कमी झालेला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून गहिवराची अपेक्षा करणार नाही.

मी लग्न होऊन पुण्याहून बंगलोरला आले तेव्हा राजाजीनगर नवं होतं. तांबडी माती, अर्धे झालेले रस्ते आणि लाल कौलांची एकमेकांना चिकटलेली घरं. आमच्या ओळीत पहिलं घर आमचं, मधलं कुलकर्ण्यांचं आणि तिसरं नरसिंगरावांचं. माझे यजमान आणि कुलकर्णी एकाच सरकारी कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर शेजारी बसायचे. नरसिंगराव मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचे बंगलोरकर. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं की पहिलं वर्षभर मी त्यांचं अर्धं बोलणं अंदाजाने समजून घेत होते. आम्हा सगळ्यांना ते ‘पुण्याकडची नवी माणसं’ म्हणायचे, आणि ते म्हणताना त्यांच्या तोंडावर मोठ्या मनाने माफ केल्याचा भाव असायचा.

त्यांची नोकरी कंटोन्मेंटातल्या एका खाजगी एजन्सीत होती. विलायतेहून बोटीने येणारी पार्सलं मद्रासच्या बंदरात उतरायची, कस्टममधून सुटून रेल्वेने बंगलोरला यायची, आणि इथे ही एजन्सी ती ज्याची त्याला द्यायची. नरसिंगराव तिथे हेडक्लार्क. काम म्हणजे आलेलं पार्सल मालकाच्या हाती देणं, इतकंच. पण ते असं बोलायचे, जणू दर्यावरची गलबतं हेच हाकत होते. “काल ग्लासगो आलं की,” ते सकाळी नळावर सांगायचे, “आज हाम्बुर्गचं बघायचं आहे.” गल्लीतली पोरं त्यांना फॉरिनराव म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं, आणि ते त्यांना आवडायचंही.

घरातही विलायतच पसरलेली. फळ्यांवर पार्सलांचे तपकिरी कागद अंथरलेले. उश्यांना पार्सलांच्या जाड कापडाचे अभ्रे, त्यांवरची गावांची नावं कितीही धुतली तरी जायची नाहीत. त्यांचा मुलगा लहानपणी बर्मिंगहॅमवर डोकं ठेवून झोपायचा. त्यांची बायको पद्मक्का बिचारी गरीब स्वभावाची. ती एकदा मला हळूच म्हणाली, “साधी फुलाफुलांच्या कापडाची उशी पाहिजे वाटतं हो मला.” ती तिला शेवटपर्यंत मिळाली नाही.

या माणसाचा एक लाडका शब्द होता, ‘स्वल्प तडी’. थोडं थांब. मोठ्या माणसांना ‘स्वल्प तडीरी’, म्हणजे थोडं थांबा. कानडी मुलखात हे दिवसातून पन्नासदा कानावर पडतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. दुकानदार म्हणतो, टांगेवाला म्हणतो, आणि खरंच थोडं थांबलं की काम होतं. नरसिंगरावांचं तसं नव्हतं. त्यांना माणूस थांबलेला बघायला आवडायचा. तुम्ही त्यांच्या दाराची कडी वाजवलीत की ते दाराला लागूनच आरामखुर्चीत बसलेले असायचे. खिडकीच्या गजांतून त्यांचं टक्कल दिसायचं. तरी आतून आवाज यायचा, “स्वल्प तडीरीऽ!” मग पेपरची घडी, मग चष्मा, मग तपकीर, मग शिंक, आणि मग दार. दारात तुम्ही उन्हात घामाघूम झालेले दिसलात की ते फार प्रेमाने म्हणायचे, “या की, या की. उभ्या का?”

पद्मक्कालाही तीच शिक्षा. ताट वाढून झालं की ते म्हणायचे, स्वल्प तडी, आणि अंगणात जाऊन विनाकारण आकाश बघायचे. भात गार झाल्यावर परत यायचे आणि भात गार का म्हणून विचारायचे.

एक गोष्ट तर ते स्वतःच रंगवून सांगत. कंटोन्मेंटात एक अँग्लो-इंडियन म्हातारी एकटी राहायची. स्कॉटलंडमधल्या बहिणीने तिला नाताळचा केक पाठवला. तो नाताळाआधीच येऊन नरसिंगरावांच्या खुर्चीमागे पडला. म्हातारी रोज हॅट घालून, हातमोजे चढवून यायची. रोज हे तिला म्हणायचे, थोडं थांबा, कागद यायचे आहेत. नाताळ गेला, नवं वर्ष गेलं. केक दिला तो ईस्टरला.

“का हो?” मी विचारलं होतं. “कागद नव्हते आले?”

“कागद होते की, अक्का. विलायतचा केक, खराब होत नाही. म्हातारी रोज येती, चार शब्द इंग्लिश बोलती. दिला की ती यायची बंद!” आणि ते पोट धरून हसले. पद्मक्का उठून आत गेली. मी माझ्या हातातल्या कॉफीच्या लोट्याकडे बघत राहिले. त्या दिवसापर्यंत हा मनुष्य मला नुसता कंटाळवाणा वाटत होता.

लाच त्यांनी कधी घेतली नाही. घेतली असती तर निदान ती देऊन सुटता तरी आलं असतं. यांना हवा होता समोर उभा राहिलेला, पायांवर भार बदलणारा, आशेने बघणारा माणूस. त्याखेरीज त्यांना काहीच नको होतं, आणि म्हणून त्यांच्यावर इलाजही नव्हता.

आता मंदाचं सांगायला हवं. मंदा ही कुलकर्ण्यांची मुलगी. तीन वर्षांची असताना ताप आला आणि डावा पाय लुळा पडला. सत्तावन्न साली ती सात वर्षांची होती. बोलण्यात तरतरीत, अक्षरं सगळी येत होती, पाढे माझ्याकडून शिकली होती, पण शाळेत गेली नव्हती. शाळेच्या बाईंनी सुमतीबाईंना, म्हणजे मंदाच्या आईला, स्पष्ट सांगितलं होतं, वर्ग वरच्या मजल्यावर आहे, मुलीला उचलून नेणार कोण? स्वतःच्या पायाने चढली की आणा. त्या दिवसापासून सुमतीबाईंनी मंदाला कडेवर घ्यायचं बंद केलं.

मग मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मार्ग काढला. विलायतेत एक जण असे बूट करतो, लोखंडी पट्ट्या लावलेले, गुडघ्यापर्यंत आधार देणारे. संक्रांतीच्या सुमारास त्यांनी मंदाच्या पायाचा प्लास्टरचा साचा काढून तिकडे पाठवला. मंदाला तो साचा बघून फार गंमत वाटली होती. “माझा पाय एकटाच बोटीत बसून गेला,” ती सगळ्यांना सांगायची. डॉक्टरीणबाईंनी सुमतीबाईंना बजावलं होतं, पाय वाढता आहे, म्हणून बूट थोडा सैल करायला सांगितलाय. पण फार दिवस गेले तर तो उपयोगाचा नाही. शाळेच्या बाईंनीही मेहेरबानी केली. म्हणाल्या, गौरी-गणपतीपर्यंत जागा ठेवते.

आणि त्या उन्हाळ्यात फ्लूची साथ आली.

पूर्वेकडून बोटीने आली, मद्रासच्या बंदरात उतरली आणि पार्सलांसारखीच रेल्वेने बंगलोरला पोचली. बघता बघता घरंच्या घरं अंथरुणावर. आमच्याकडे मी आणि यजमान एकाच वेळी पडलो, सुमतीबाई आमची पेज करून आणत, आणि आम्ही उठलो तेव्हा त्या पडल्या. गल्लीभर निलगिरीच्या तेलाचा वास. पोरांच्या गळ्यात कापराच्या पुरचुंड्या. मद्रासच्या गोदीतले हमाल आजारी, कस्टममधले बाबू आजारी, रेल्वेतली माणसं आजारी. माल उतरवायला माणूस नाही म्हणून बोटी बाहेर समुद्रातच उभ्या आहेत, असं पेपरात यायचं. मंदाच्या बुटाचे कितीतरी आठवडे तिथेच गेले. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आजारी माणसाला ओझं उचल असं कोण सांगणार?

नरसिंगरावांना फ्लू झाला नाही. त्यांच्या साहेबाला झाला. डिसूझा नावाचा हा साहेब एरवी त्यांना जरा दाबात ठेवायचा. पण ताप छातीत उतरला आणि तो महिन्या-दोन महिन्यांसाठी कुन्नूरला बहिणीकडे गेला. एजन्सीची किल्ली नरसिंगरावांच्या हाती आली. त्यांनी नवा कोट शिवला आणि नाकाला कापराचा रुमाल बांधून कामावर जायला लागले. तपकिरीसाठी तो रुमाल मिनिटामिनिटाला वर करावा लागे, आणि मग त्या साथीच्या दिवसांत भर बसमध्ये ते जोरात शिंकत. मागची अर्धी बस रिकामी व्हायची.

आषाढ लागता लागता मंदाचं पार्सल बंगलोरला पोचलं. ही बातमी नरसिंगरावांनीच आणली. संध्याकाळी फाटकापाशी उभे राहून त्यांनी कुलकर्ण्यांना हाक मारली. “आलं की हो तुमचं पार्सल! ह्या हातानं उतरवून घेतलं.”

सुमतीबाई पिठाच्या हातांनी बाहेर धावल्या. “मग आणलं नाहीत, अण्णा?”

“आणतो की. स्वल्प तडीरी. त्याला सुतक आहे.”

आम्हाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तेव्हा त्यांनी फाटकावर हात ठेवून आम्हाला समजावून सांगितलं. जगात साथ आहे. माणसं मरताहेत. पार्सल ज्यानं बांधलं त्याच्या घरी कोण गेलं असेल, कुणाला ठाऊक? गेलं असणारच. म्हणजे बांधणाऱ्याला सुतक, म्हणजे पार्सलला सुतक. दहा दिवस शिवायचं नाही. अकराव्या दिवशी फिनेल शिंपडायचं, की सुटलं. “सरकार ह्यालाच क्वारंटाइन म्हणतं की, अक्का. आपल्या लोकांनी हजार वर्षांमागं काढलेलं आहे.”

हे शास्त्र सांगणारा माणूस कंटोन्मेंटात मिलिटरी हॉटेलच्या, म्हणजे इथल्या सामिष खाणावळीच्या, कोपऱ्यात बसून ऑम्लेट खायचा, हे सबंध गल्लीला माहीत होतं. स्वतःच्या चुलत्याचं सुतक त्याने दोन दिवसांत उरकलं होतं, कारण तिसऱ्या दिवशी सर्कशीचे पास होते. शिवाय साथ होती ती आपल्याकडे. विलायतेत ती अजून जेमतेम पोचत होती. आम्ही सगळे खोकत होतो, आणि निरोगी माणसांनी बांधलेल्या पार्सलापासून आम्हालाच वाचवलं जात होतं. माझे यजमान हे सगळं बोलले. नरसिंगरावांनी ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “तुम्ही पुण्याकडचे. तुमचं सगळं घाईचं.”

गल्लीत निम्म्या लोकांना हे पटलं, हे सांगायला मला लाज वाटते. किती स्वच्छतेचा माणूस, असं म्हणणारेही निघाले. कुलकर्णी स्वतः भिडस्त. दहाच दिवस ना, ते म्हणाले, इतके महिने थांबलो, आणखी दहा दिवस.

मंदाला तर मजा वाटली. रोज संध्याकाळी काठी टेकत ती फाटकापाशी येऊन उभी राहायची. नरसिंगरावांचा कोट कोपऱ्यावर दिसला की ओरडायची, “मामा, माझा बूट काय करतोय?”

“बसलाय की सुतकात,” ते म्हणायचे. “काही खात नाही, पीत नाही.” आणि खिशातून पेपरमिंट काढून तिच्या हातावर ठेवायचे. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायचे. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मंदाने आपल्या बाहुलीलाही सुतकात बसवलं होतं, वेगळ्या पाटावर.

दहा दिवस झाले. बूट आला नाही. आणखी काही दिवस गेले. नरसिंगराव म्हणाले, स्वल्प तडीरी. श्रावण लागला. सुमतीबाई रोज सकाळी त्यांच्या दाराशी जात, रोज ते दार उशिरा उघडत, रोज तेच उत्तर. मंदाचं विचारणं कमी झालं. एक दिवस मी बघितलं, सुमतीबाई न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून मंदाचं पाऊल आपल्या वितीशी धरून मापत होत्या. मला बघून त्यांनी पाऊल खाली ठेवलं.

“वाढतंय,” त्या म्हणाल्या. आईच्या तोंडून हा शब्द इतक्या दुःखाने निघालेला मी पुन्हा कधी ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन कंटोन्मेंटात गेले. कुलकर्ण्यांना सांगितलं नाही, ते नको म्हणाले असते. एजन्सीच्या मागच्या पडवीत, पत्र्याखाली, पार्सलांचा ढीग होता. माणसाच्या उंचीचा. भोवती रांगोळीने पांढरी रेघ काढलेली आणि फिनेलचा वास असा की डोळ्यांना पाणी यावं. रेघेबाहेर खुर्ची टाकून नरसिंगराव बसलेले. आम्हाला बघून त्यांना मनापासून आनंद झाला. थांबणारी माणसं आता स्वतःच्या पायांनी चालत आली होती.

सुमतीबाई म्हणाल्या, “अण्णा, दहा दिवस केव्हाच झाले.”

“झाले असते की, अक्का. पण काल मद्रासहून नवी आली. ती ह्याच ढिगावर ठेवली. शिवाशिव झाली. म्हणजे सगळ्यांचं सुतक परत पहिल्यापासनं.”

“आणि उद्या नवी आली तर?”

“तर उद्यापासनं.”

“आणि परवा?”

“ते काय माझ्या हातात आहे? बोटी येतात की.” हे ते अगदी निरागसपणे म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे निरखून बघितलं, चेष्टा आहे का म्हणून. चेष्टा नव्हती. या माणसाने असा नियम शोधून काढला होता की जगात बोट चालू आहे तोवर त्याच्या ढिगातलं एकही पार्सल सुटणार नव्हतं, आणि हे त्याच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. लक्षात आणून द्यायला डिसूझा नव्हता. शहरातली माणसं रोज येत होती, उभी राहत होती, परत जात होती. एवढं सुख त्याला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं, मग त्यानं विचार कशाला करावा?

मी तोंड उघडणार तेवढ्यात सुमतीबाईंनी माझा हात दाबला. त्या एरवी मोठ्याने बोलणाऱ्या नव्हत्या. आवाज तसाच हळू ठेवून त्यांनी विचारलं, “अण्णा, सुतक कुणाला लागतं?”

“नात्यातल्याला.”

“मग हे पार्सल माझ्या मुलीचं. तिच्या पायाचं माप आहे त्यात. त्याचं नातं माझ्याशी, तुमच्याशी नाही. त्याचं सुतक मला लागू दे. मी दहा दिवस वेगळी बसेन. तुम्हाला काही लागणार नाही.”

आणि त्या रेघ ओलांडून ढिगात शिरल्या. नरसिंगराव उठून उभे राहिले, “अय्यो, अय्यो, अक्का,” म्हणत रेघेच्या कडेकडेने फिरले, पण रेघेच्या आत पाय टाकायची त्यांची छाती झाली नाही. ती रेघ त्यांनीच काढली होती! सुमतीबाई एकेक पार्सल बाजूला करत होत्या, नावं वाचत होत्या. इंग्रजी त्यांना जेमतेम येत होतं, मंदाबरोबर शिकलेलं. खालच्या थरातून त्यांनी एक लांबट खोकं ओढून काढलं. एक बाजू फिनेलने भिजून मऊ झालेली होती. ते छातीशी धरून त्या बाहेर आल्या.

“सही लागती!” नरसिंगराव ओरडले.

मी सही केली. त्यांनी आमच्याकडून वही परत घेताना ती रुमालाने धरली. “दहा दिवस आमच्या घराकडं यायचं नाही,” ते म्हणाले. आमच्या मागे लगेच फिनेल शिंपडल्याचा आवाज आला.

खोकं घरी उघडलं. आत बूट होता, तांबूस चामड्याचा, दोन्ही बाजूंना चकचकीत पट्ट्या, नाड्या ओवलेल्या. इतकी सुंदर वस्तू आमच्या गल्लीत त्याआधी आलेली मला आठवत नाही. मंदाने तो आधी हुंगला, मग गालाला लावला. मग पाटावर बसून तिने पाय पुढे केला.

पाय आत गेला नाही.

सुमतीबाईंनी नाड्या सगळ्या काढल्या. टाचेला खोबरेल तेल लावलं. मंदा ओठ चावून म्हणाली, “आई, ढकल. दुखत नाही.” तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. कुलकर्णी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शेवटी सुमतीबाईंनी बूट बाजूला ठेवला आणि मुलीचा पाय मांडीवर घेऊन नुसता चोळत बसल्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बूट आणि पाय दोन्ही बघितले. आषाढात आणला असता तर बसला असता, त्या म्हणाल्या, वापरात चामडं सैल होत चार-सहा महिने निघाले असते आणि तेवढ्यात दुसरा करून घेतला असता. आता पुन्हा साचा, पुन्हा बोट. तो बूट दवाखान्यातल्या दुसऱ्या एका लहान मुलाला बसला, आणि सुमतीबाईंनी तो देऊन टाकला. गणपती आले आणि गेले, शाळेतली जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. मंदाचं ते वर्ष आमच्या ओट्यावर गेलं, माझ्याकडून पाढे म्हणत. तीसच्या पुढचे पाढे मलाही येत नव्हते.

बोटीने महिने खाल्ले ते मी विसरले. शेवटचे दोन महिने मात्र मला कधी विसरता आले नाहीत. ते या माणसाने खाल्ले, आणि त्याचा एक घासही त्याला जड गेला नाही. बूट बसला नाही हे मी त्याला तोंडावर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “अय्यो पाप,” म्हणजे अरेरे, बिचारी. “पाय लवकर वाढला की!”

डिसूझा परत आला, ढीग एका दिवसात हलला आणि नरसिंगराव पुन्हा आपल्या जुन्या खुर्चीत गेले. पण त्या साथीची गोष्ट ते पुढे कित्येक वर्षं सांगत राहिले. प्रत्येक बारशात, प्रत्येक मुंजीत. “माझ्या गोदामातनं फ्लू बाहेर गेला नाही,” असं म्हणून ते तपकिरीची चिमूट नाकाशी नेत. ऐकणारे माना डोलवत. मंदाची गोष्ट त्यांच्या गोष्टीत नव्हती.

मंदाला पुढच्या वर्षी दुसरा बूट आला, मग तिसरा. शाळेत ती आपल्याहून लहान मुलींच्या वर्गात बसली, पण जिना चढली ती स्वतःच्या पायांनी. पट्ट्यांचा टक्‌-टक्‌ असा आवाज आमच्या घरापर्यंत ऐकू यायचा. नरसिंगरावांना ती नमस्कार करायची, मामा म्हणायची. तिला सगळं आठवतंय का, हे मी तिला कधी विचारलं नाही.

मी नरसिंगरावांना शेवटचं पाहिलं ते मंदा चौदा-पंधरा वर्षांची असताना, संक्रांतीच्या दिवशी. ते रिटायर झाले होते. पद्मक्का आदल्या वर्षी वारली होती आणि मुलगा त्यांना हुबळीला न्यायला आला होता. सामान टांग्यात चढत होतं. मी सुमतीबाईंकडे तिळगूळ द्यायला गेले होते, आणि आम्ही दोघी आत पाटावर बसलो होतो. मंदा बाहेरच्या खोलीत अभ्यास करत होती. कडी वाजली. खिडकीच्या गजांतून आम्हाला ते दिसले. नवं धोतर, जुना कोट, हातात एळ्ळु-बेल्लाची कागदी पुडी, म्हणजे इथला तीळ, गूळ आणि खोबऱ्याचा संक्रांतीचं वाण. गल्ली सोडण्याआधी घरोघर वाटायला निघाले असावेत.

मंदा उठली. टक्‌-टक्‌ करत दारापाशी गेली. कडीवर हात ठेवला, आणि मग तिने तो काढून घेतला.

“स्वल्प तडीरी, मामा,” ती आतून म्हणाली, अगदी गोड आवाजात.

“सरी, सरी,” म्हणजे बरं, बरं, ते बाहेरून म्हणाले.

ती दाराजवळच्या स्टुलावर बसली. तिने पुस्तक उघडलं. सुमतीबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. आम्ही दोघी पाटावरच राहिलो. बाहेर ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होते. ऊन चढलेलं होतं. त्यांनी कोटाचं बटण काढलं. पुन्हा कडी वाजवली, जरा हळू. “मंदा? पोरी, आहेस ना?”

“आहे, मामा. स्वल्प तडीरी.” तिने पान उलटलं.

टांग्यातून त्यांच्या मुलाने हाक मारली. ते एकदा टांग्याकडे बघत, एकदा दाराकडे. मला त्यांची दया यायला हवी होती. मी वाट बघितली, ती आली नाही. शेवटी ते वाकले, पुडी उंबऱ्यावर ठेवली आणि निघाले. फाटकापाशी एकदा वळून त्यांनी दाराकडे पाहिलं, कोणी उघडतंय का म्हणून. मग मुलाने त्यांना हाताला धरून टांग्यात बसवलं.

टांगा वळल्यावर मंदाने दार उघडलं. काठीच्या टोकाने तिने ती पुडी ओट्याच्या कोपऱ्यात सरकवली आणि खिशातला खडू काढून तिच्याभोवती एक पांढरी रेघ ओढली.

“आई,” ती म्हणाली, “दहा दिवस शिवायचं नाही.”

आणि ती अभ्यासाला बसली.